उरिआम माडावर गप्प का होता

माडावर चढलेल्या माणसानं गायलाच पाहिजे, हे आमच्या ओनोतोआ बेटावर कुणाला शिकवावं लागत नाही. पोरगं सुरी धरायला लागलं की गायलाही लागतं. पहाटे एकदा आणि ऊन कललं की एकदा, गावातले बाप्ये आपापल्या माडावर चढतात, पोयीचं, म्हणजे माडाच्या न उमललेल्या तुऱ्याचं, टोक पातळ कापतात, नीरेनं भरलेली करवंटी सोडवतात, रिकामी बांधतात, आणि हे सगळं करताना घसा फाडून गातात. का? तर खाली विहिरीवर बायका न्हात असतात. वर माणूस आहे हे त्यांना कळायला नको? गाणं कानावर आलं की लुंगी वर ओढायची, एवढं साधं आहे. जो गप्प चढतो तो एक तर दुसऱ्याची नीरा चोरतो, नाहीतर डोळे शेकतो. तिसरं कारण आमच्याकडे कुणी ऐकलेलंच नव्हतं.

उरिआमचं कारण तिसरं होतं, आणि ते ठाऊक असलेली गावात मी एकटी. माझ्यासारख्या फटकळ बाईच्या पोटात असली गोष्ट ठेवायची म्हणजे काय शिक्षा असते ते माझं मलाच ठाऊक.

उरिआम माझ्या धाकट्या बहिणीचा, आरेतिमाचा नवरा. माझा नवरा होडी घेऊन दर्यावर गेला तो परत आला नाही. तेव्हापासून मी यांच्याच अंगणात माझं छप्पर घालून राहते. उरिआम म्हणाल तर चारचौघांसारखा माणूस. बुटका, पायानं जरा फेंगडा, मासेमारीत यथातथाच. मानेआबात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या मोठ्या छपराखाली, त्याला बोलायला उभं केलं तर दोन वाक्यांत घाम पुसत बसणारा. पण माडावर चढताना त्याला बघावं. खाचांना पाय लागतो न लागतो तोवर स्वारी शेंड्यात. आणि गळा? गोड अजिबात नव्हे, पण खाडीच्या पलीकडे होडीतल्या माणसाची झोप मोडेल असा. गाणं त्याचं स्वतःचं, लग्नाच्या वर्षी जुळवलेलं.

दर्या माझ्या डाव्या हाताला, खाडी माझ्या उजव्या हाताला,
सरळ माझ्या पायाखाली आरेतिमाची चूल पेटली.

“चूल पेटली म्हणे. काय पण प्रेमाचं गाणं,” मी म्हणायची. “माझ्या बहिणीच्या रूपाबद्दल एक अक्षर नाही. सगळा जीव मेल्याचा जेवणात.”

“अक्का, रूप वरून दिसत नाही. धूर दिसतो,” तो म्हणायचा.

मेहुणा-मेहुणीनं एकमेकांची टोपी उडवली तर आमच्याकडे कुणी मनावर घेत नाही. उलट बायकोला जे सांगता येत नाही आणि भावाला तर मुळीच नाही, ते पुरुष मेहुणीपाशी बोलून जातात. तसंच झालं.

बाबाईच्या खड्ड्यात आम्ही दोघं पानांचं खत घालत होतो. बाबाई म्हणजे आमचा थोरला अळू, गोड्या पाण्याच्या चिखलात वाढतो. उरिआम खाली चिखलात, मी वर काठावर. टोपली घ्यायला त्यानं मान वर केली आणि त्याचा चेहराच बदलला. टोपली गेली एकीकडे, हा मटकन चिखलात बसला आणि अळूचे दोन दांडे दोन्ही मुठीत आवळून धरले.

“सकाळीसकाळी आंबलेली ढोसलीस का रे?” मी म्हटलं. आरेतिमालाही काही दिवस तोच संशय होता. रात्री हा आडवा होत नाही, खांबाला टेकून बसल्याबसल्या झोपतो, म्हणून ती त्याचं तोंड हुंगायची.

“अक्का, खाली ये. मला धर. खड्डा फिरतोय.”

मी उतरले. त्याचे डोळे बघितले. बुबुळं एका बाजूला ओढली जात होती, झटक्यानं परत येत होती, पुन्हा ओढली जात होती. तो त्यांना हलवत नव्हता, ती आपोआप हलत होती. मी त्याचे खांदे धरून बसले. थोड्या वेळानं ते थांबलं. मग त्याला भडभडून ओकारी झाली.

“कधीपासून?” मी विचारलं.

“झाले काही आठवडे. उजव्या कुशीवर वळलं की येतं. मान वर केली की येतं. हललो नाही तर जातं.”

“आणि माडावर?”

तो पडलेली टोपली ओढायला लागला.

“उरिआम, मी माडावरचं विचारतेय.”

“गाताना मान मागे जाते, तेव्हा येतं. म्हणून हल्ली गात नाही. झावळीला मिठी मारतो, खाली कुठंतरी एक जागा धरतो, तिच्यावर डोळे लावतो. जातं मग.”

“आणि एखाद दिवशी नाही गेलं तर?”

“जातं म्हणतोय ना.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस दिवसातून दोनदा माडाच्या शेंड्यात जाऊन जग थांबायची वाट बघत बसत होता आणि खाली येऊन आमच्यासमोर भात खात होता. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता आरेतिमाला सांगते. नाहीतर दवाखान्यात चल, मारेवे नर्सकडे.

“ती कालची पोर? तिला सांगितलं की संध्याकाळपर्यंत कोंबड्यांनाही कळेल.” मग त्यानं माझं मनगट धरलं. “अक्का, माझा बाप तुला आठवतो ना?”

आठवतो. न आठवायला काय झालं. माडावरून पडला आणि कमरेखाली मेला. बाकीचा जिवंत राहिला, हेच वाईट झालं. कित्येक वर्षं चटईवर पडून होता आणि माडावरची गाणी सुरू झाली की भिंतीकडे तोंड करायचा. उरिआमनं त्याला हातानं भरवलंय.

“तो पडला म्हणून बसला. मला न पडताच बसवतील,” उरिआम म्हणाला. “आरेतिमाचे भाऊ येऊन माझ्या पोयी कापतील. मी चटईवर बसून त्यांची नीरा प्यायची? जाईल हे. जाईपर्यंत गप्प बस, एवढंच मागतो.”

त्यानं माझं मनगट सोडलं नाही. मी मान हलवली. अजूनही वाटतं, त्या हातानं माझा घात केला.

पुढचे दिवस कसे काढले ते सांगायची सोय नाही. तो चढला की माझे हात थांबायचे. खोबरं किसत असेन तर किसणीवर तसेच. सगळीकडून गाणी यायची, आमच्या माडावरून काही नाही. मी मनात म्हणत राहायची, ये खाली, ये बाबा खाली. आणि मग चुलीपाशी करवंटी आपटल्याचा आवाज यायचा आणि मी त्याच्या अंगावर खेकसायची. आरेतिमाला कळेना, अक्काला झालंय तरी काय.

त्यात ही उएआता. नेइ उएआता म्हणायला हवं, वयानं मोठी आहे, पण त्या दिवसांत माझ्या तोंडून नेइ निघत नव्हतं. तिची न्हाणी आमच्या माडाच्या जवळ, विहिरीला लागून. झावळ्यांचा आडोसा तीन बाजूंनी, वरून उघडा. तिच्या लेकानं राजधानीहून, तारावाहून, एक लाल बादली पाठवली होती. प्लॅस्टिकची, भडक लाल, सगळ्या गावात तसली एकच. तिला कुणाला हात लावू देत नव्हती. एका पहाटे डोक्यावर पाणी ओतताना तिनं सहज वर पाहिलं, तर उरिआम. गाणं नाही, हालचाल नाही. झावळीला बिलगलेला आणि डोळे थेट खाली, तिच्या न्हाणीत.

तिनं जी बोंब ठोकली ती चर्चपर्यंत गेली.

दुपारी मानेआबात बोलावणं आलं. मानेआबाचं छप्पर इतकं खाली येतं की कुणीही असो, वाकूनच आत जावं लागतं. उरिआम वाकला आणि आत जाऊन तसाच वाकलेला राहिला. मग हळूहळू, सापाला न उठवता उठावं तसा सरळ झाला. म्हातारी मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. कुणीतरी म्हणालंच, “अजून उतरलेली दिसत नाही.”

काबुता म्हातारा सगळ्यांत वडील. तो बोलला की विषय संपतो. त्यानं विचारलं, “उरिआम, तू गप्प चढतोस, हे खरं?”

“खरं.”

“गेले कित्येक दिवस?”

“हो.”

“आज पहाटे नेइ उएआता न्हात असताना तुझी नजर तिकडे होती?”

मी मागच्या ओळीत, बायकांमध्ये, खांबाला रेलून बसले होते. मनात म्हटलं, नाही म्हण. अरे, नाही म्हण. पण मानेआबात खोटं बोलणारा माणूस वर्षभरात मरतो असं त्याच्या आजीनं त्याला सांगितलेलं, आणि त्याचा त्यावर पक्का विश्वास.

“होती,” तो म्हणाला.

सगळ्या छपराखाली कुजबुज झाली. आरेतिमानं चटईची कड उचलली आणि तोंडावर घेतली. मी अर्धी उठले. उरिआमनं माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि मी बसले. बसायला नको होतं.

काबुता म्हणाला, “गावात तुझ्या बापाचं नाव चांगलं होतं, म्हणून हाकलून देत नाही. आज ऊन कललं की सगळ्या गावादेखत चढायचं. आणि गायचं. खाडीपलीकडे ऐकू गेलं पाहिजे. उद्यापासून रोज तसंच. ज्या दिवशी गप्प राहशील, त्या दिवशी माड दुसऱ्याचा.”

लोकांना ही शिक्षा सौम्य वाटली. गायचंच तर आहे. गाताना त्याची मान मागे जाते, हे मला एकटीलाच ठाऊक.

बाहेर आल्यावर मी त्याला केवड्याच्या झाडांमागे गाठलं. “मी सांगणार. तू शिव्या दे, बोलू नकोस आयुष्यभर, मी सांगणार.”

“आजचा दिवस निभावतो अक्का. मान सरळ ठेवून गाईन.”

“आणि त्या उएआताकडे कशाला बघत होतास? सगळं बेट सोडून तीच सापडली?”

“तिला कोण बघतंय? तिची बादली बघत होतो,” तो वैतागून म्हणाला. “सगळं फिरत असतं तेव्हा हिरवं हिरव्यात मिसळतं, काही धरता येत नाही. तेवढी एक लाल दिसते. ती धरून ठेवली की बाकीचं थांबतं.”

मला हसावं की त्याच्या थोबाडीत मारावी कळेना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि संन्यासी स्वतःच गळा पुढे करत होता.

मी तडक दवाखाना गाठला. तो गावाच्या पार टोकाला. मारेवे नर्स आत एका बाळंतिणीपाशी. मी दाराशी उभी राहून सगळं ओकले. तिनं आतूनच विचारलं, “मान वर केली की येतं? एका कुशीवर जास्त? आणि हललं नाही तर थोड्याच वेळात थांबतं?”

“हो.”

“कानात आवाज? ऐकू कमी येतं?”

“तसलं काही बोलला नाही.”

ती दारात आली, हात कोपरापर्यंत ओले. कालची पोर, पण तोंड बघितलं तर हसत नव्हती. “कानाच्या आत खोल तोल सांभाळायची जागा असते. तिथे बारीक खडे असतात, वाळूच्या कणाहून बारीक. ते सुटून भलत्या नळीत शिरलेत. मान कलली की ते घरंगळतात आणि डोक्याला वाटतं, आपण फिरतोय. मी ते जागेवर नेऊ शकते, शिकताना केलंय. पण हे मूल आलं की. तोवर त्याला चढू देऊ नका.”

“आणि चढलाच असेल तर?”

“तर मान जिथे असेल तिथे थांबवायची. डोळे एका जागी. घाबरून मान इकडे-तिकडे केली की पुन्हा सुरू होतं. आणि कुणाला माडावर चढवू नका, माड हलेल.” आतून बाळंतीण ओरडली आणि ती गेली.

मी परत धावत आले. या वयात, ऊन डोक्यावरून कलताना, लुंगी गुडघ्यापर्यंत धरून. पण धावणारी मी एकटी, आणि गाव आधीच चटया टाकून बसलेलं. जेवणावळ असावी तसं. काबुता पुढे, उएआता त्याच्या शेजारी, हाताची घडी घालून. उरिआम शेंड्यात पोचला होता.

“थांबवा त्याला,” मी म्हटलं, पण मला दम लागला होता आणि त्याच वेळी त्यानं गायला सुरुवात केली. मान सरळ, दात आवळलेले. माशी गुणगुणावी तेवढा आवाज.

काबुतानं कानामागे हात धरला. “ऐकू येत नाही.”

उरिआमनं श्वास घेतला. जुनी सवय. श्वास घेतला की त्याची मान आपोआप मागे जायची.

“दर्या माझ्या डाव्या…”

आणि थांबला.

लोक हसले. उएआता म्हणाली, “बघा, डोळ्यांना सराव आहे, गळ्याला नाही.” मग वरून करवंटी खाली आली आणि फुटली. मग सुरी आली आणि वाळूत मुठीपर्यंत रुतली. माडावरचा माणूस सुरी कधी सोडत नाही. हसणं बंद झालं.

वर त्याचा एक पाय झावळीतून निसटला आणि हवेत लोंबायला लागला. तो पाय जागा शोधत होता, पण वरच्या बाजूला. वरच्या बाजूला पाय टाकत होता माझा मेहुणा. त्याला वर कुठं आणि खाली कुठं, हेच कळत नव्हतं.

“अक्का,” त्याची हाक आली. “अक्का, खाली कुठंय?”

एवढ्या गावादेखत, बायको तिथे बसलेली असताना, त्यानं मला हाक मारली. माझ्या तोंडाचं कुलूप तिथंच तुटलं.

“त्याला चक्कर येते,” मी ओरडले. “कानातल्या दुखण्यानं. महिना झाला. प्यालेला नाही आणि डोळेही शेकत नाही. मान वर केली की जग फिरतं त्याचं, आणि तुम्ही त्याला मान वर करून गायला लावलंत.”

आरेतिमा उठून उभी राहिली. दोन तरणे बाप्ये माडाला हात घालायला धावले. मी त्यांना ढकललं. “हात लावू नका. माड हलला की त्याचं डोकं हलेल.” आणि वर ओरडले, “उरिआम, मान हलवू नकोस. आहे तशी ठेव. मी खाली आहे. माझा आवाज येतो तिकडे खाली.”

“कळत नाही. सगळीकडून येतो.”

मग मी गायला लागले. माडावरचं गाणं बाईनं गायचं नसतं, आणि दुसऱ्याचं तर कुणीच गायचं नसतं. पण मला त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही, आणि त्या गाण्यात सगळा पत्ता होता. दर्या डाव्या हाताला, खाडी उजव्या हाताला, सरळ पायाखाली चूल. माडाच्या बुंध्याशी उभी राहून मी तेच तेच गात राहिले. माझा आवाज फाटका आहे, आणि तेव्हा तर मी रडत होते. कुणी हसलं नाही.

“पाय थांबला,” कुणीतरी म्हणालं. खरंच, पाय वर जायचा थांबला होता. पण तो उतरेना.

“डोळे एका जागी लाव,” मी म्हटलं.

“जागा सापडत नाही, अक्का.”

मी वळले. “नेइ उएआता, तुझी बादली आण.”

तिनं हाताची घडी सोडली नाही.

“लाल बादली. तो तुला बघत नव्हता, बाई. तुझी बादली बघत होता. तेवढी एकच गोष्ट त्याला जागेवर दिसते. आण ती.”

उएआताला मी त्याआधी कधी धावताना पाहिलं नव्हतं. ती विहिरीकडे गेली, वाटेत पाणी सांडत बादली आणली, आणि माडाच्या बुंध्यापासून थोडी दूर, उघड्या पांढऱ्या वाळूत ठेवली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, बादलीला दोन्ही हातांनी धरून बसली. ती हलेल अशी भीती वाटली असेल.

“दिसली?” मी विचारलं.

मी पुन्हा गाणं धरलं.

“दिसली,” तो म्हणाला. मग खूप वेळानं, “थांबली.”

तो उतरला. एक एक खाच पायाच्या अंगठ्यानं चाचपत, मान ताठ, डोळे बादलीवर. मी गायची थांबले असते तर तो मधेच अडकला असता असं मला वाटत होतं, म्हणून घसा बसला तरी मी थांबले नाही. शेवटी त्याचे पाय वाळूला लागले. तो गुडघ्यांवर बसला आणि त्यानं बादलीची दुसरी कड धरली. एका बाजूनं उएआता, दुसऱ्या बाजूनं तो.

काबुता जवळ आला. “मानेआबात का बोलला नाहीस?”

“तुम्ही विचारलंत नजर तिकडे होती का. होती,” उरिआम म्हणाला.

“म्हणजे माझ्याकडे बघतच नव्हता?” उएआता म्हणाली. तिच्या आवाजात राग होता की दुसरं काही, देव जाणे. तेव्हा मात्र लोक हसले, आरेतिमाही हसली आणि लगेच रडायला लागली. मग तिनं माझ्याकडे वळून सगळ्यांदेखत मला जे सुनावलं ते मी इथे सांगणार नाही. तिचं बरोबर होतं.

दिवेलागणीला मारेवे आली, बाळंतपण सुखरूप उरकून. उरिआमला चटईवर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि तशीच धरून त्याला एकदम मागे झोपवलं, डोकं चटईच्या कडेवरून जरा खाली. तो ओरडला, मुठीत आरेतिमाचा हात चिरडला. डोळे पुन्हा तसेच ओढले जायला लागले. मारेवे त्या डोळ्यांकडे बघत शांत बसून राहिली. ते थांबल्यावर डोकं हळूच डावीकडे फिरवलं, मग सगळं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, मग उठवून बसवलं. पुन्हा एकदा सगळं तसंच केलं. दुसऱ्या खेपेला डोळे हललेच नाहीत.

“वर बघ,” ती म्हणाली.

त्यानं छपराकडे बघितलं. भीत भीत, मग नीट.

“छप्पर गळतंय,” तो म्हणाला. “कुणी सांगितलं नाही मला.”

महिनाभर ज्या गोष्टीनं आमचा जीव टांगणीला लावला होता, ती एका चटईवर, पाणी उकळायच्या आत गेली. मला त्याचा इतका राग आला की मी बाहेर जाऊन एकटीच बसले.

मारेवेनं जाताना बजावलं, हे पुन्हा येऊ शकतं. काही लोकांना येत नाही, काहींना येतं. काही दिवस चढू नको, आणि पुन्हा जाणवलं की लपवायचं नाही. उरिआम थोडे दिवस थांबला, तेवढ्यात आरेतिमाच्या भावांनी त्याच्या पोयी कापल्या, आणि चटईवर बसून त्यांची नीरा पिताना तो मेला नाही. मग चढला. पहिल्या दिवशी असा गायला की काबुतानं निरोप पाठवला, जरा हळू.

सगळं सरळ झालं असं वाटत होतं. मग वारा फिरायचा मोसम आला. मी पहाटे दर्याच्या बाजूला खडकांवर शिंपल्या गोळा करत होते, गावापासून लांब. सगळ्या माडांवरून गाणी येत होती आणि त्यात त्याचंही. मग त्यातलं एक गाणं मधेच तुटलं. इतक्या गाण्यांत एक तुटलेलं कसं कळतं विचाराल तर सांगता येणार नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं.

मी टोपली टाकली आणि पळाले. खडकांनी पाय फाटले ते घरी आल्यावर दिसलं. डोक्यात एकच, खाली कुणी नाही, आरेतिमा खाडीवर गेलीय, खाली कुणी नाही.

केवड्याची झाडं ओलांडली आणि ऐकू आलं. बाईचा आवाज, माझ्यापेक्षाही फाटका. शब्द अर्धे चुकलेले. दर्या उजव्या हाताला म्हणत होती, मग चूक कळून पुन्हा डाव्या हाताला. नेइ उएआता माडाच्या बुंध्याशी उभी होती. लुंगी छातीशी कशीबशी गुंडाळलेली, केसांत साबणाचा फेस, आणि ती लाल बादली दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरलेली. बादली खाली येत नव्हती.

उरिआम अर्ध्यावर आला होता. मान ताठ, डोळे बादलीवर.

मी तिच्याजवळ गेले आणि बादलीला हात लावला. ती म्हणाली, “सोड. तो उतरेपर्यंत हलवायची नाही.”

मग आम्ही दोघी मिळून गायला लागलो. त्याचे पाय वाळूला लागले तेव्हा तिनं बादली खाली ठेवली, केसांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “माझा साबण वाळला. त्याला सांग, चढायचं असेल तर मी न्हायला आल्यावरच चढ.”

तेव्हापासून तो तसंच करतो.